न चाखलेला तुकडा

मार्गशीर्षातला गुरुवार आणि नाताळची आदली संध्याकाळ एकाच तारखेला आली, त्या दिवशी मी सकाळी साडेसहापासून फार्मसीत उभी होते. मी तिथे टेक्निशियन आहे. म्हणजे गोळ्या भरायच्या, बाटल्यांवर लेबलं चिकटवायची आणि खिडकीत येणाऱ्या प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं. सणाच्या आदल्या दिवशी साऱ्या न्यू जर्सीला एकदम आपलं ब्लड प्रेशर आठवतं. पोटात वाटीभर साबुदाण्याची खिचडी, पायात गोळे आणि समोर एक गृहस्थ तिसऱ्यांदा विचारताहेत, की माझं औषध अजून तयार कसं नाही. दोन वाजता सुटले, तेव्हा जगातल्या कुठल्याही माणसाशी एक शब्दसुद्धा बोलायची माझी इच्छा नव्हती.

गुरुवारचं व्रत मी ग्रीन कार्डासाठी धरलं होतं. कार्ड येऊन आता बरीच वर्षं झाली, पण व्रत सोडायला धीर होत नाही. उगाच देवीला आठवण कशाला करून द्या? सासूबाई सबंध मार्गशीर्ष मासे-मटणाला शिवत नसत. मी अलिबागकडची, महिनाभर माशावाचून राहणं मला जमत नाही, म्हणून मी माझ्यापुरती सवलत काढली आणि फक्त गुरुवार पाळते. दिवसभर उपास, संध्याकाळी कलशाची पूजा, पोथी, गोडाचा नैवेद्य आणि मग जेवण. मला कुणी फार श्रद्धाळू समजू नये. काही गोष्टी माणूस भक्तीने करतो, काही भीतीने आणि पुष्कळशा नुसत्या सवयीने. माझं हे तिसऱ्या जातीतलं.

आमचं घर म्हणजे जोडघर. मधली भिंत एकच. इकडे आम्ही नवरा-बायको आणि पलीकडे एक पोर्तुगीज बाई, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मी त्यांना मावशी म्हणायची. आमच्यात वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, असं पहिल्याच वर्षी सांगितलं, तर त्यांना ते इतकं आवडलं, की फोनवरसुद्धा त्या 'मी माऊशी बोलते' म्हणायच्या. मला 'फिल्या' म्हणत, त्यांच्या भाषेत मुलगी. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा टेक्ससला शुगर लँडमध्ये, तेलाच्या कंपनीत इंजिनियर. अकरा वर्षं आम्ही एकमेकींच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. त्यांच्या हातचं मी किती खाल्लं, ते सांगत बसले तर मलाच लाज वाटेल.

दर चोवीस डिसेंबरला त्यांच्याकडे बाकल्याव व्हायचा. बाकल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. नेवार्कच्या पोर्तुगीज वस्तीतल्या दुकानात तो फळ्यांसारखा रचून ठेवलेला असतो. हाताला लाकडासारखा लागतो आणि वास अगदी आमच्या बाजारातल्या सुक्या मासळीचा. पहिल्या वर्षी तो वास आला, तशी मी हातातलं काम टाकून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले होते. पण करायची रीत मात्र आमच्या उलटी. आमच्याकडे खारा मासा जरासा धुतात, अंगठ्याएवढा तुकडा भाजतात आणि पेजेबरोबर जिभेला लावून लावून खातात. मीठच तर हवं असतं. मावशी तो दोन दिवस गार पाण्यात बुडवून ठेवत आणि दिवसातून तीनदा पाणी बदलत.

"सगळं मीठ घालवायचंच, तर मुळात खारवायचा कशाला?" मी विचारलं होतं.

"मीठ प्रवासासाठी असतं, फिल्या," त्या म्हणाल्या. "ताटात आल्यावर त्याचं काम संपलं."

भिजलेला मासा नुसता उकडायचा. सोबत बटाटे, गाजर, कोबीची मोठी मोठी पानं आणि अंडी, सगळं उकडलेलं. वरून लसूण घालून तापवलेलं ऑलिव्ह ऑइल. मी त्याला लसणीची फोडणी म्हणते, पण तिच्यात मोहरी नाही, हिंग नाही, तिखटाचा तर पत्ताच नाही. पहिल्या वर्षी मनात म्हटलं, हे आजाऱ्याचं जेवण. तिसऱ्या वर्षी मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते. नीट भिजलेल्या माशाच्या पाकळ्या काट्याने जराशा हलवल्या, की आपोआप सुटतात आणि बटाट्यात मुरलेल्या तेलाबरोबर तोंडात विरतात. मीठ असतं, पण ते शोधावं लागतं. हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून असतं. मासा पुरेसा भिजलाय की नाही, ते उकडायच्या आधी कळायला हवं. त्यासाठी कच्च्या माशाचा मधला एक धागा तोडून जिभेवर ठेवून बघायचा. मावशी दर वर्षी बघायच्या.

त्या वर्षी त्यांना ते बघता येत नव्हतं. वसंतात ताप आला होता आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आली नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी, असं त्या म्हणायच्या. त्यात ऑक्टोबरात गॅसवर सूप ठेवून त्या मागच्या अंगणात पानं झाडत बसल्या. पातेलं जळलं, घरभर धूर झाला, अलार्म वाजला, दारात आगीचा बंब आला. सबंध गल्लीने बघितलं. विसरणं त्यांचं थोडंफार सुरू झालं होतं, नाही असं नाही. पण पातेलं माझंही दोनदा जळलंय आणि माझ्याकडे बंब आला नाही, एवढाच काय तो फरक.

मुलाच्या कानावर ते गेलं. तो म्हणायला लागला, घर विकू, तू टेक्ससला ये. मावशींना ते घर सोडायचं नव्हतं. त्या घरात त्या नवरी म्हणून आल्या होत्या. शेवटी मुलगा म्हणाला, नाताळला येतो, चार दिवस राहतो, बघतो आणि मग ठरवू.

"तो बघायला येतोय," मावशी मला म्हणाल्या. "परीक्षक येतो ना शाळेत, तसा. जेवण नीट झालं, तर काही बोलणार नाही. बाकल्याव बिघडला, तर त्याला पुरावा मिळाला." मग माझा हात धरून म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी येशील? तुझी जीभ मला उसनी दे."

मी हो म्हटलं. गुरुवार म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीच वाजलं नाही. वाजायला हवं होतं.

तर दोन वाजता सुटले ते सरळ मावशींच्या स्वयंपाकघरात गेले, अंगातलं जॅकेटही न काढता. ओट्यावर निळ्या काठाचं पांढरं पातेलं. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने सहा रेघा मारलेल्या, पाणी बदललं की एक रेघ. मावशींनी केस नीट बांधले होते आणि ओठाला लाली लावली होती. "या वर्षी सगळ्यात जाड तुकडा आणला," त्या म्हणाल्या. "त्याला मधलाच भाग आवडतो." त्यांनी माशात बोट घालून मधला एक धागा तोडला आणि दोन बोटांत धरून माझ्यासमोर केला.

आणि तेव्हा मला गुरुवार आठवला.

आता मी काय करायला हवं होतं, ते शेंबडं पोरही सांगेल. म्हणायचं, 'मावशी, आज माझा उपास आहे.' पण मी आठ तास लोकांना समजावत उभी होते. उपास म्हणजे काय, मग सकाळी खिचडी कशी खाल्लीस, मासा का नाही, नुसता जिभेला लावला तर काय होतं, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती घालमेल बघायची, ते माझ्याच्याने होईना. त्यांना मी हे पहिल्या वर्षी सांगितलं होतं, नंतरही एकदा-दोनदा. पण हल्ली त्यांच्या लक्षात राहायचं नाही, असं मीच धरून चालले होते. शिवाय सहा रेघा होत्या ना. अकरा वर्षं त्यांचा मासा कधी चुकला नव्हता.

मी तो धागा घेतला, खिडकीकडे वळले आणि हात तोंडाशी नेला. दुसऱ्या हातात टिश्यू होता. धागा टिश्यूत गेला, टिश्यू जॅकेटच्या खिशात गेला. तोंड हलवायचं नाटकसुद्धा केलं मी. आजही ते आठवलं, की माझीच मला शिसारी येते.

"परफेक्ट," मी म्हणाले.

मावशींनी डोळे मिटून छातीवर क्रूस काढला आणि माझ्या गालाचा मुका घेतला. मी घरी आले, आंघोळ केली, पाच फळं मांडली, पोथी वाचली. पोथीत व्रताचा मान न ठेवणाऱ्या राणीची गोष्ट आहे. मी ती घडाघडा वाचून काढली आणि मनात विचार करत होते, की शिऱ्यात बेदाणे टाकायचे राहिले.

सातच्या सुमारास शिऱ्याचा डबा घेऊन मी पलीकडे गेले. दर वर्षीचा शिरस्ता होता, जेवायला बसले नाही तरी टेबलापाशी बसायचं. मावशी, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. मावशींनी सगळ्यांची ताटं वाढली, वरून तेल ओतलं. माझ्यासमोर मात्र नुसते बटाटे, गाजर आणि पाव अशी वेगळी ताटली होती. ती वेगळी का, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मी समजले, मासा कमी आहे.

मुलाने पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. पाणी प्यायला. पुन्हा एक घास घेतला, लहान. सुनेने त्याच्याकडे बघितलं. नात लहान होती, तिने सरळ हातरुमालात थुंकलं आणि इंग्रजीत म्हणाली, "आजी, हे समुद्रासारखं लागतंय."

मावशी मन लावून जेवत होत्या. त्यांना काहीच लागत नव्हतं, ना मीठ ना दुसरं काही. त्यांनी वर बघितलं. सगळ्यांचे काटे थांबलेले.

"खारट आहे, आई," मुलगा म्हणाला. फार हळू म्हणाला.

"शक्यच नाही," मावशी म्हणाल्या. "हिने चाखलाय. सांग गं यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "हो. मला तर बरोबर लागला होता." एकदा खोटं बोललं, की दुसऱ्यांदा बोलावं लागत नाही, ते आपोआप येतं.

निघाले तेव्हा मुलगा मला पोचवायला पायऱ्यांपर्यंत आला. मला वाटलं, चिडेल. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही तिला किती सांभाळून घेता," तो म्हणाला. "असं तिचं विसरणं किती दिवस झाकताय? मला सांगायला हवं होतंत." त्याचे डोळे भरून आले होते. आता खरं सांगितलं, तर मीच किती हलकट, ते दिसलं असतं. नाही सांगितलं, तर मी देवमाणूस ठरत होते. मी देवमाणूस होऊन घरी आले.

नवऱ्याला सांगितलं. तो पिझ्झा खात बसला होता, त्याला गुरुवार लागू नाही.

"टेस्ट नाही केलंस, तर नाही केलं म्हणायचं ना," तो म्हणाला. "सिम्पल होतं यार."

"तुला सगळं सिम्पलच असतं."

"मग आता जाऊन सांग. चार पावलांवर तर घर आहे."

"उद्या बघू," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा नाताळ होता. तिसऱ्या दिवशी माझी शिफ्ट होती. चौथ्या दिवशी मुलाने घराचं ठरवलं.

मार्चमध्ये मावशी टेक्ससला गेल्या. जायच्या दिवशी त्या माझ्याशी नीट बोलल्या, पण मुलाशी अवाक्षर नाही. गाडीत बसायच्या आधी त्यांनी ते निळ्या काठाचं पातेलं माझ्या हातात दिलं. पलीकडे आता एक तरुण जोडपं राहतं, दोघंही हैदराबादचे. भिंतीतून लसणीचा वास अजूनही येतो, पण फोडणी वेगळी.

मावशींचा फोन दर रविवारी सकाळी अकराला यायचा, अजूनही येतो. टेक्ससच्या उन्हाला शिव्या, मुलगा रोज दीड तास गाडीत घालवतो याची तक्रार, मग माझ्या पायांची चौकशी. आणि मग दर वेळी एकच प्रश्न: "फिल्या, त्या दिवशीचा मासा बरोबर होता ना? तू चाखला होतास."

मी हो म्हणायची. रविवार हा माझा एकच सुट्टीचा दिवस.

"बघ," त्या म्हणायच्या. "मला ठाऊक होतं. घर विकायचं होतं, म्हणून माझा पोरगा खोटं बोलला."

पुढच्या डिसेंबरात मी नेवार्कला जाऊन तसाच जाड तुकडा आणला. त्याच पातेल्यात भिजत घातला, दोन दिवस, सहा वेळा पाणी बदललं, प्रत्येक वेळी कॅलेंडरवर रेघ मारली. गुरुवार नव्हता. मधला धागा तोडून जिभेवर ठेवला आणि तोंड पोळल्यासारखं झालं. दुकानातल्या माणसाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, एवढ्या जाड तुकड्याला तीन दिवस लागतात, म्हणून तर चाखून बघायचं असतं. म्हणजे मावशी काही विसरल्या नव्हत्या. त्यांनी मोजून सहा वेळा पाणी बदललं होतं. त्या दुपारी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की खारट आहे. जेवायला अजून पाच तास होते. त्यांनी तुकडे बारीक केले असते, पाणी भराभर बदललं असतं, फार तर मीठ ओढून घ्यायला दुधात ठेवला असता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला मासा दुरुस्त करता येतो. मी ओट्यापाशी खुर्चीवर बसून खूप वेळ रडले. दमल्यामुळे रडत्येय, असं नवऱ्याला सांगितलं. तेही खरंच होतं.

जानेवारीत मुलाचा फोन आला. आई माझ्याशी बोलत नाही, म्हणाला. एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो, पण मी घरासाठी खोटं बोललो असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. तिचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही तिला सांगा ना, की मासा खारट होता आणि तुम्ही तिचं मन राखायला तसं म्हणालात.

मग मी त्याला सांगितलं. टिश्यू, खिसा, सहा रेघा, जाड तुकडा, सगळं. तो भांडला असता, तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे आईने पाणी बदललं होतं," तो म्हणाला.

"हो. सहाही वेळा."

"बरं," तो म्हणाला आणि फोन आईकडे दिला.

मी मावशींना सांगितलं. मासा खारट होता, तुमचा मुलगा खोटं बोलला नव्हता, खोटं मी बोलले, मी तो चाखलाच नव्हता. मला वाटलं, आता फोन ठेवतील आणि कायमचा ठेवतील. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"गुरुवार होता ना तुझा?" त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

"मला माहीत होतं गं. म्हणून तर तुझी ताटली वेगळी काढली होती, बटाट्याची. आमच्यात नाही का बिनमटणाचा शुक्रवार असतो? पण दुपारी घाईत माझ्या ध्यानात नाही राहिलं. तू नुसतं म्हणायचंस ना, गुरुवार आहे. मी चाखायला कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईला हाक मारली असती."

मग त्या मुलाला हाक मारत गेल्या. फोन तसाच कुठेतरी ठेवला होता. लांबून त्यांचा आवाज येत होता, पोर्तुगीजमधून, मग त्याचा, मग दोघांचा एकदम. मला त्यातलं काही कळलं नाही.

पुढच्या रविवारी अकराला फोन आला. उन्हाला शिव्या, गाडीची तक्रार, माझे पाय. "फिल्या, त्या दिवशीचा मासा बरोबर होता ना? माझा पोरगा खोटं बोलला ना?"

त्यांच्या डोक्यातून ते पार पुसलं गेलं होतं. हे विसरणं आता खरं विसरणं आहे. तिथे गेल्यापासून फार वेगाने वाढलं. घर सोडलं नसतं, तर वाढलं नसतं का, ते मला कुणी सांगू शकत नाही आणि मी कुणाला विचारतही नाही.

तेव्हापासून मी दर रविवारी सांगते. पहिल्यापासून, सगळं. कधीकधी इतका कंटाळा आलेला असतो, की 'हो, बरोबर होता' हे तीन शब्द अगदी ओठांवर येतात. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळतं, दर वेळी तोच श्वास ऐकू येतो. आणि दर वेळी त्या तेच विचारतात, गुरुवार होता ना तुझा, मग सांगायचं नाहीस का? मी म्हणते, चुकलं मावशी. मग त्या फोन तसाच ठेवून मुलाला हाक मारायला जातात. मी फोन कानाशी धरून बसते, त्याची ओ ऐकू येईपर्यंत.